दार आपोआप उघडलं नव्हतं



आषाढी आली की इथे अमेरिकेतही पार्किंग लॉटमध्ये दिंडी निघते, आणि माइकवरून कोणीतरी हमखास सांगतं की पंढरपूरला जातपात नाही, तिथे सगळे सारखे. वाळवंटापुरतं ते बरंचसं खरं आहे. वारकरी लहानमोठा न बघता एकमेकांच्या पाया पडतात. देवळाच्या दाराचा इतिहास मात्र वेगळा आहे आणि तो माइकवरून सहसा ऐकू येत नाही.

महाद्वारापाशी नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखामेळ्याची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या, असं परंपरा सांगते. या संताला जिवंतपणी आत प्रवेश नव्हता. मेल्यावर जागा मिळाली तीही दाराबाहेर. पुढे शतकानुशतकं त्यांचे अभंग गायले गेले, पण त्यांच्या जातीच्या माणसांना समाधीच्या पुढे जाता येत नव्हतं.

हे बदललं कसं? साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात उपोषण सुरू केलं. सुमारे दहा दिवसांनी मंदिर खुलं करायचं ठरलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलं होतं, तरी वारकऱ्यांच्या पंढरीत त्यासाठी एका माणसाला प्राण पणाला लावावे लागले. बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा. कोर्टकचेऱ्या चालल्या जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी म्हणून स्त्रियांना आणि सर्व जातींना अर्ज करायला सांगितलं.

म्हणजे संतांनी समतेची भाषा दिली हे खरंच. पण दार उघडलं ते उपोषणाने, कायद्याने आणि न्यायालयाने.

"परदेशात हे उकरून कशाला काढायचं? आपल्या मुलांना जात माहीतही नाही," असं काही मंडळी म्हणतात. मला ते पटत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातीवरून होणाऱ्या भेदभावाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मंजूर केलेलं तशाच स्वरूपाचं विधेयक गव्हर्नरांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. दोन्ही वेळी विरोध करणाऱ्यांत आपले भारतीयच पुढे होते. कायदा कसा असावा यावर मतभेद असू शकतात, ते जरूर मांडावेत. पण "इथे जात आहेच कुठे?" हे वाक्य जातीची झळ कधी न लागलेल्याच्या तोंडी फार सहज येतं. पंढरपूरच्या समतेचं कौतुकही नेमकं असंच सहज होतं.

माझी सूचना साधी आहे. पुढच्या आषाढीला मुलांना पुंडलिकाच्या विटेबरोबर चोखोबांची समाधी आणि १९४७ चं उपोषणही सांगू या. आणि आपल्या मंदिराच्या कमिटीवर कोण आहे, पूजेला कोण बसतं, कोणाला कधीच बोलावलं जात नाही, याकडेही एकदा डोळसपणे पाहू या.

तुमचं मत वेगळं असेल तर अवश्य कळवा.