ब्रोराला गुण कोण देणार?

इन्व्हर्नेसहून स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडे जाणारी रेल्वे समुद्राला चिकटून धावू लागली की काही वेळाने ब्रोरा नावाचं छोटं गाव येतं. गावाचा गोल्फ कोर्स स्टेशनपासून चालत जाण्याइतका जवळ आहे. पहिल्यांदा येणारा पाहुणा तिथे थबकतो तो कुंपणं पाहून. प्रत्येक ग्रीनभोवती, म्हणजे चेंडू अखेर भोकात घालायचा त्या कातरलेल्या हिरवळीभोवती, विजेची बारीक तार ताणलेली असते. कारण बाकीच्या मैदानावर पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या आणि गाई चरत आल्या आहेत. जमीन सामायिक गायरानाची आणि चराईचा हक्क आसपासच्या छोट्या शेतकऱ्यांचा. गवत आखूड ठेवण्याचं बरंचसं काम आजवर या जनावरांनीच केलं.

क्लब १८९१ सालचा. आजच्या मैदानाची आखणी १९२०च्या दशकात जेम्स ब्रेड यांनी केली. ब्रिटिश ओपन ही गोल्फमधली सर्वांत जुनी मोठी स्पर्धा त्यांनी पाच वेळा जिंकली होती. ब्रोरात त्यांनी मातीकामाचा फारसा खटाटोप केला नाही. वाळूच्या टेकड्या जशा होत्या तशा ठेवल्या, ओढे वाहत होते तिथेच वाहू दिले, आणि चेंडू कुठून कुठे जावा एवढंच ठरवलं. कोकणात पुळण संपून माडांच्या वाड्या सुरू होण्याआधी जसा वाळूचा उंचसखल पट्टा लागतो, तसाच हा पट्टा. तिकडे त्याला ‘लिंक्स’ म्हणतात आणि गोल्फ जन्मला तो असल्याच जमिनीवर. सतराव्या होलवर, म्हणजे फेरीतल्या सतराव्या टप्प्यावर, खेळाडू नेम धरतो तो खाडीपलीकडच्या टार्बट नेसच्या दीपगृहावर. एकूण लांबी ६२०० यार्डांच्या आसपास, आजच्या मापाने आखूडच. पण वारा फिरला की सकाळचं मैदान दुपारी ओळखू येत नाही.

जाणकार खेळाडू ब्रोराबद्दल प्रेमाने बोलतात. तरीही स्कॉटलंडमधल्या उत्तम कोर्सच्या याद्या निघतात तेव्हा पहिल्या पानावर त्याचं नाव क्वचितच दिसतं. आणि इथून दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर असलेला रॉयल डॉर्नोक मात्र जगातल्या अव्वल कोर्समध्ये मोजला जातो.

डॉर्नोक त्या मानाला पात्र आहे, याबद्दल वाद नाही. तिथे गोल्फ खेळल्याचा उल्लेख १६१६ सालापासून सापडतो. मैदानं आखणारे स्कॉटिश खेळाडू थोरले टॉम मॉरिस १८८६ साली तिथे येऊन आखणी करून गेले, १९०६ मध्ये ‘रॉयल’ किताब मिळाला. पण गुणवत्ता जुनी असली, तरी कीर्ती बरीच नवी आहे. विसाव्या शतकात कित्येक दशकं हा कोर्स ‘फार लांब’ या एकाच कारणाने बाजूला पडला होता. १९६० साली तर गावाची रेल्वेही बंद झाली. मग १९६४ मध्ये हर्बर्ट वॉरन विंड या अमेरिकन लेखकाने ‘न्यूयॉर्कर’मध्ये डॉर्नोकवर दीर्घ लेख लिहिला. १९८१ मध्ये नामवंत अमेरिकन गोल्फपटू टॉम वॉटसन तिथे खेळून गेले आणि मनापासून स्तुती करत परतले. पुढे अमेरिकन पाहुण्यांची रीघच लागली. आधीची आणि नंतरची जमीन तीच, वारा तोच, पिवळ्या फुलांची गॉर्सची झुडपंही तीच. वाढली ती फक्त मतं देणाऱ्यांची वर्दळ.

यात आणखी एक धागा आहे. डॉर्नोकच्या मातीत १८७२ साली जन्मलेले डोनाल्ड रॉस १८९९ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथे त्यांनी सुमारे चारशे कोर्स घडवले. पाइनहर्स्ट क्रमांक दोन हा त्यांतला सर्वांत गाजलेला. त्यामुळे अमेरिकन खेळाडूसाठी डॉर्नोक हे एका ओळखीच्या माणसाचं माहेर ठरलं. ब्रेड यांना मात्र प्रवासात मळमळण्याचा त्रास होता, म्हणून ते जहाजाने परदेशी जाणं टाळत. त्यांचं जवळजवळ सगळं काम ब्रिटनमधल्या रेल्वेमार्गांच्या आसपास झालं. ज्या देशात क्रमवारीचा उद्योग जन्मला आणि फोफावला, त्या देशात रॉस घरचे झाले आणि ब्रेड पाहुणेसुद्धा झाले नाहीत. ब्रोराच्या दुर्लक्षामागचं हे कारण लहान नाही.

क्रमवारीची मुळंही तपासायला हवीत. ‘गोल्फ डायजेस्ट’ या अमेरिकन मासिकाने १९६६ मध्ये पहिली यादी काढली ती देशातल्या सर्वांत कठीण दोनशे कोर्सची होती, उत्तम कोर्सची नव्हे. ‘कठीण’च्या जागी ‘श्रेष्ठ’ यायला जवळजवळ वीस वर्षं लागली आणि तेव्हाही खेळाडूचे फटके वाढवण्याची ताकद हा निकष कायम राहिला. म्हणजे खेळाडूला जास्तीत जास्त फटके घ्यायला लावणारं मैदान वरचं. सह्याद्रीत भटकणाऱ्याला यातली गफलत सांगावी लागणार नाही. अलंग-मदन-कुलंग सिंहगडापेक्षा अवघड आहेत, म्हणून कोणी सिंहगडाला दुय्यम किल्ला म्हणत नाही. काठिण्य हा एक गुण झाला. ब्रोरावर दहा वर्षांचं पोर आणि सत्तरीतले आजोबा एकाच दुपारी रमतात, हाही गुणच आहे आणि तो साधणं अधिक अवघड आहे. ज्या कोर्सवर फक्त धडधाकट पंचविशीतला व्यावसायिक खेळाडू टिकतो, त्याची आखणी तुलनेने सोपी: लांबी वाढवा, गवत वाढवा, तळी खणा.

दुसरा घोळ रंगाचा. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलवरची मास्टर्स स्पर्धा १९६६ पासून रंगीत टीव्हीवर दिसू लागली आणि गोल्फ म्हणजे डाग नसलेला पाचूसारखा हिरवा गालिचा, अशी समजूत घरोघरी पक्की झाली. मैदानाची निगा हा अनेक याद्यांत गुणांचा निकष असतो आणि परीक्षकाची नजर त्याच गालिच्यावर घडलेली असते. लिंक्सवरचं खरं गवत मात्र बारीक पात्याचं, कमी पाण्यावर जगणारं. उन्हाळ्यात ते तांबूस पडतं, जमीन टणक होते, चेंडू पडल्यावर धावत सुटतो, आणि तो कुठे थांबेल हे ठरवण्यातच खेळाची सगळी बुद्धी लागते. २००६ सालची ब्रिटिश ओपन हॉयलेकच्या रॉयल लिव्हरपूलवर झाली तेव्हा मैदान भाजलेल्या भाकरीच्या रंगाचं झालं होतं. टायगर वूड्सने चार दिवसांच्या ७२ होलमध्ये ड्रायव्हर हा सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब एकदाच वापरला आणि स्पर्धा जिंकली. त्या तपकिरी आठवड्यात प्रेक्षकांना जो विचारी खेळ दिसला, तो हिरव्या मखमलीवर अभावानेच दिसतो.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. जिथे एप्रिल उजाडला की गावोगावी टँकर सुरू होतात, तिथे ‘जितकं हिरवं तितकं श्रेष्ठ’ हा निकष नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे. भारतातल्या पाणीटंचाईच्या लष्करी छावण्यांमध्ये एके काळी गवताच्या ग्रीनऐवजी तेल मिसळलेल्या वाळूची वर्तुळं असत, त्यांना ‘ब्राउन’ म्हणत. कित्येक जवान आणि अधिकारी त्याच वाळूवर हा खेळ शिकले. कुठल्याही चकचकीत यादीत त्या मैदानांना जागा नव्हती. पण इथल्या हवामानाशी इमान राखून खेळ कसा रुजवायचा, याचं उत्तर त्यांनी फार आधी शोधलं होतं.

मग अठरा या आकड्याचा हट्ट. बहुतेक मोठ्या याद्या अठरा होलपेक्षा लहान कोर्सचा विचारच करत नाहीत. त्यामुळे अ‍ॅरन बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा शिस्किन दारातच अडतो, कारण त्याची होल बारा आहेत. एके काळी तिथे अठरा होती, पहिल्या महायुद्धानंतर सहा सोडून द्यावी लागली. उरलेली बारा डोंगराच्या उभ्या कड्याखालून समुद्राच्या काठाने अशी फिरतात, की तेरावं कुठे बसवावं असा प्रश्न खेळणाऱ्याच्या मनातही येत नाही. इंग्लंडमधला रॉयल वर्लिंग्टन अँड न्यूमार्केट नऊ होलचा. त्याच्यावर जीव टाकणाऱ्या खेळाडूंच्या पिढ्या झाल्या, पण अठरांच्या यादीत तो अर्धाच.

आणि अठरा हा आकडा आला तरी कुठून? सेंट अँड्र्यूजला पूर्वी २२ होलची फेरी होती, १७६४ मध्ये काही होल एकत्र केल्यावर ती १८ वर आली. पहिली ब्रिटिश ओपन १८६० साली प्रेस्टविकला झाली, तेव्हा प्रेस्टविक बारा होलचाच होता आणि खेळाडूंनी त्याच्या तीन फेऱ्या मारल्या. म्हणजे खेळाच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेचं जन्मस्थान आजच्या नियमाने यादीबाहेर राहिलं असतं.

कधी कधी दुर्लक्षामागे वेगळेपणाची भीतीही असते. एडिनबराजवळच्या नॉर्थ बेरिकच्या तेराव्या होलवर ग्रीनच्या अगदी पुढ्यात दगडी गडगा आडवा येतो आणि चेंडू त्याच्यावरून उचलावा लागतो. पंधरावं होल ‘रेडान’. नाव क्रिमियन युद्धातल्या तटबंदीवरून पडलं. ग्रीन तिरकी आणि पलीकडे उतरती असल्यामुळे थेट नेम धरणारा फसतो आणि बाजूच्या उताराचा वापर करणारा साधतो. अमेरिकेत मैदानांचे आखणीकार सी. बी. मॅकडोनल्ड यांनी नॅशनल गोल्फ लिंक्सवर त्याची आवृत्ती केली, पुढे जगभर त्याच्या नकला झाल्या. नकला ज्या कोर्सवर आहेत ते याद्यांच्या शिखरावर पोचले, मूळ मैदान मात्र दीर्घकाळ ‘गमतीदार, जुनाट’ या शेऱ्यावर बोळवलं गेलं. अलीकडे त्याला न्याय मिळू लागला आहे. उत्तर-पूर्व किनाऱ्यावरच्या क्रूडन बेचीही तीच कथा. इथे काही फटके टेकडीपलीकडे, ग्रीन दिसत नसताना मारावे लागतात. एका दिवसासाठी आलेल्या परीक्षकाला हा अन्याय वाटतो. शंभराव्यांदा खेळणाऱ्याला टेकडी म्हणजे ओळखीचं वळण असतं.

यातच क्रमवारीची सर्वांत मोठी उणीव आहे. परीक्षक बहुधा एकदाच येतो, यजमानांच्या पाहुणचारात, चांगल्या हवेत. काही याद्यांत तर ठरावीक संख्येने परीक्षक येऊन गेले नाहीत तर कोर्सचा विचारच होत नाही. मग दोन बोटी बदलून गाठावं लागणारं बेट आणि विमानतळापासून अर्ध्या तासावरचं रिसॉर्ट यांची स्पर्धा सुरू होण्याआधीच संपते. प्रदेशवार याद्यांनी ही खोट भरून निघायला हवी होती, पण तिथे दाटीचा प्रश्न येतो. स्कॉटलंडसारख्या छोट्या देशात साडेपाचशेच्या आसपास कोर्स आहेत. सेंट अँड्र्यूज, म्युरफील्ड, कार्नूस्टी, टर्नबेरी, ट्रून ही ओपनची घराणी आधीच पुढच्या रांगेत बसलेली. न्यूयॉर्क राज्यातही तेच: शिनेकॉक हिल्स आणि नॅशनल गोल्फ लिंक्स एकमेकांना लागून, शिवाय विंग्ड फूट, बेथपेज ब्लॅक, ओक हिल. तिथे विसाव्या क्रमांकावर पडलेला कोर्स एखाद्या शेजारच्या राज्यात पहिल्या पाचांत आला असता. राज्याची सीमा गुणवत्ता ठरवत नाही, फक्त रांग ठरवते.

भारताचा या खेळाशी संबंध फार जुना. रॉयल कॅलकटा १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब. शिलाँगच्या पाइनच्या झाडीत १८९८ साली नऊ होलचा कोर्स झाला, १९२४ मध्ये तो अठरांचा झाला. तिथल्या दरीच्या उतारांना कोणी यंत्राने सपाट केलं नाही, आणि गावातली माणसं सकाळी त्याच हिरवळीवर फिरायला जातात. आपल्याकडच्या नव्या कोर्सच्या जाहिरातीत मात्र आखणी करणाऱ्या परदेशी खेळाडूचं नाव आधी येतं, सोबतच्या बंगल्यांचा भाव नंतर, आणि जमिनीबद्दल जवळपास काहीच नाही. पुण्या-मुंबईतल्या सामान्य माणसाला गोल्फ हा भिंतीआडचा खेळ वाटतो, त्याचं कारण यातही आहे. ज्या गोष्टीला मान मिळतो तीच बांधली जाते.

म्हणूनच क्रमवारी हा रिकामटेकड्यांचा वाद नव्हे. यादीत वर गेलं की पाहुणे येतात, शुल्क वाढतं, बँक कर्ज देते. खाली राहिलेला क्लब मग वर चढण्यासाठी स्वतःला बदलू लागतो. होल लांबवतो, पाणी वाढवतो, गडगा पाडण्याचा विचार करतो. नेमकं जे त्याचं होतं, तेच आधी जातं.

याच्या उलट वाट धरलेलं एक मैदान म्हणजे बाह्य हेब्रिडीजमधल्या साउथ युइस्ट बेटावरचं आस्कर्निश. १८९१ मध्ये थोरल्या टॉम मॉरिस यांनी इथे मैदान आखलं. पुढे त्याच्या एका भागात विमानांची धावपट्टी झाली, जुनी होल गवताखाली गेली आणि लोकांच्या आठवणीतूनही. २००५ मध्ये मैदानांच्या निगेचे एक जाणकार तिथे आले, त्यांनी टेकड्यांमधून चालत जुन्या ग्रीनच्या जागा ओळखल्या आणि बेटावरच्या माणसांच्या मदतीने २००८ मध्ये कोर्स पुन्हा खुला झाला. बुलडोझर जवळजवळ लागलाच नाही. चराईच्या हक्कावरून काही शेतकरी न्यायालयात गेले, ते साहजिकच होतं, त्यांची गुरं त्याच गवतावर जगत होती. आजही हिवाळ्यात तिथे जनावरं चरतात.

अशा जागेला दहापैकी गुण देण्याची पद्धत बदलायची, तर काही गोष्टी आजच करता येतील. निगेचे गुण काढून टाकावेत, किंवा पाणी किती लागलं ते विचारून द्यावेत. नऊ आणि बारा होलच्या कोर्सना त्याच यादीत घ्यावं. परीक्षकाने दोनदा खेळावं, आणि दुसऱ्यांदा वारा उलटा असताना. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, त्याने क्लबच्या सचिवाबरोबर जेवण्याआधी गावातल्या एखाद्या आजीबरोबर नऊ होल खेळावीत आणि चेंडू कुठे टाकायचा हे तिला विचारावं. ब्रोरात ती आधी मेंढ्या कुठे आहेत ते पाहील, मग वारा, आणि मग खाडीपलीकडच्या दीपगृहाकडे बोट दाखवील.