मुखपट्टी आणि कोरडे डोळे

२०२२ च्या गुढीपाडव्याला महाराष्ट्रातील करोनाविषयक निर्बंध उठले, मुखपट्टी ऐच्छिक झाली आणि सामान्य नागरिकाने मोकळा श्वास घेतला. रुग्णालयांतील परिचारिका, डॉक्टर आणि कक्षसेवक यांची मात्र या पट्टीपासून सुटका झालेली नाही आणि ती होण्याची शक्यताही नाही. शस्त्रक्रियागृहात तिचा वापर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आला आहे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या कक्षात एन-९५ मुखपट्टीवाचून पाऊल टाकणे धोक्याचे असते आणि जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. तेव्हा ही पट्टी रोज अनेक तास बांधणाऱ्यांच्या डोळ्यांचे काय होते, हा प्रश्न साथीबरोबर निकालात निघालेला नाही.

डोळे चुरचुरणे, वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे, लाल होणे, पाळी संपता संपता दृष्टी धूसर होणे, अशा तक्रारी साथीच्या पहिल्याच वर्षी अनेक देशांतील नेत्रतज्ज्ञांकडे येऊ लागल्या. जून २०२० मध्ये अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञ डॅरेल व्हाइट यांनी त्यांना ‘मुखपट्टीशी निगडित नेत्रशुष्कता’ अशा अर्थाचे नाव दिले.

यामागील कारण समजण्यास सोपे आहे. डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा अत्यंत पातळ थर असतो. त्याच्या तळाशी श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर पापण्यांच्या कडांतील ग्रंथींनी पुरविलेले तेल असते. हे तेल पाण्याची वाफ होऊ देत नाही. निरोगी डोळ्यात पापणी मिटून उघडल्यानंतर हा थर साधारणतः दहा सेकंद तरी अभंग राहतो. मुखपट्टी नाकाच्या दांडीवर सैल बसली की उच्छ्वासाची हवा खाली न जाता वर सरकते आणि डोळ्यांवरून वाहते. ती दमट असली तरी सतत वाहत असल्यामुळे अश्रूंचे बाष्पीभवन वाढते, असे तज्ज्ञांचे स्पष्टीकरण आहे. चष्म्याच्या काचा ज्या हवेने धूसर होतात, तीच हवा डोळा कोरडा करते.

सर्व दोष मुखपट्टीच्या माथी मारणे मात्र न्याय्य ठरणार नाही. रुग्णालयातील कर्मचारी वातानुकूलित दालनांत वावरतात, रात्रपाळ्या करतात, संगणकाच्या पडद्याकडे टक लावतात आणि त्या वेळी पापण्यांची उघडझाप मंदावते. नेत्रशुष्कतेचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक असते आणि शुश्रूषेचा भार प्रामुख्याने स्त्रियांवरच आहे. यांपैकी प्रत्येक कारणाचा वाटा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. पण अनेक कारणे एकत्र आली म्हणून त्रास कमी होत नाही. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत, त्यांना या पट्टीचा उपद्रव अधिक जाणवतो एवढाच त्याचा अर्थ.

मुखपट्टीला विरोध करणाऱ्यांना या माहितीत आपल्या मताची पुष्टी दिसेल. तो निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. क्षयाच्या संसर्गापुढे डोळ्यांची चुरचुर क्षुल्लक होय. परंतु क्षुल्लक म्हणून तिची उपेक्षा करण्यातही धोका आहे. डोळा खुपला की हात आपोआप डोळ्याकडे जातो, आणि रुग्णालयात वावरणारा हात डोळ्याला लागणे म्हणजे संसर्गाला दुसरी वाट मोकळी करणे. त्रास असह्य झाला तर पट्टी नाकाखाली सरकते ती निराळीच. म्हणजे कोरड्या डोळ्यांची काळजी घेणे हे मुखपट्टीच्या विरुद्ध नसून तिचा हेतू सफल होण्यासाठीच आवश्यक आहे.

उपायही खर्चाचे नाहीत. नाकावर घट्ट बसणारी, धातूची तार असलेली पट्टी प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाप्रमाणे द्यावी. गरज पडल्यास तिची वरची कड त्वचेला साजेशा चिकटपट्टीने बंद करावी. मात्र खालची पापणी ओढली जाऊ नये, कारण मग डोळा पुरता मिटत नाही आणि अधिकच कोरडा पडतो. संसर्गाचा धोका नसलेल्या जागी ठरावीक वेळाने विश्रांती मिळावी. वैद्यकीय सल्ल्याने कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरावेत आणि ते घालण्यापूर्वी हात धुवावेत.

प्रश्न उरतो तो जबाबदारीचा. यांतील बहुतेक उपाय आज कर्मचाऱ्याने आपल्यापुरते शोधावेत, अशीच अपेक्षा असते. १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगारांच्या डोळ्यांच्या रक्षणासाठी ३५ वे कलम होते. उडणारे कण आणि प्रखर प्रकाश यांपासून बचाव करणारे पडदे वा चष्मे पुरविण्याची तरतूद त्यात होती. कामामुळे होणारी इजा ही कामगाराची खासगी बाब नव्हे, हे त्यामागील तत्त्व होते. रुग्णालयात त्याहून वेगळा न्याय असण्याचे कारण नाही. मुखपट्टी सक्तीची असेल, तर ती नीट बसते की नाही हे पाहणे, विश्रांतीची वेळ आखून देणे आणि कर्मचाऱ्यांच्या नियमित आरोग्यतपासणीत डोळ्यांचा समावेश करणे, ही सक्ती करणाऱ्या संस्थेची जबाबदारी आहे. साथीच्या काळात या सेवकांसाठी देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. त्या कृतज्ञतेला अर्थ यायचा असेल, तर तिची सुरुवात अशा लहान, स्वस्त आणि रोजच्या गोष्टींपासून झाली पाहिजे.