गळाला खुळखुळा

सुट्या लागल्या की खाडीकाठच्या घरांतली मुले गरी आणि तंगूस घेऊन धक्क्यावर बसू लागतात. पूर्वी कोळंबीचा तुकडा किंवा गांडूळ एवढेच आमिष असे. आता मोबाइलवर पाहून त्यांना नकली मासा, म्हणजे लुअर हवा असतो, आणि तोही पोटात खुळखुळा असलेला. दुकानात असा एक लुअर सहज तीन-चारशे रुपयांना पडतो. पहिल्याच फेकीत तो तिवराच्या मुळांत अडकून तुटला, तर अब्बांचा चेहरा कसा होतो ते सांगायला नको. म्हणून या महिन्यात आम्ही हा खुळखुळा घरीच कसा करावा ते सांगत आहोत. यात पैसे वाचतात हे खरे, पण घरी करायचे असेल तर शिशाबद्दलही बोलावे लागते. ते पुढे येईलच.

आधी एक शंका. माशाला ऐकू येते का? ढोम्याचे डोके कालवणात घालणाऱ्या भगिनींना याचे उत्तर ठाऊक आहे, फक्त ते उत्तर आहे हे माहीत नसेल. त्या डोक्यात जे दोन पांढरे टणक दगड निघतात, ते माशाच्या आतल्या कानातले. पाण्यातून थरथर आली की माशाचे अंग पाण्याबरोबर हलते, जड दगड किंचित मागे राहतो, आणि त्या फरकातून माशाला आवाज कळतो. शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंनी, कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ जाते. जवळच्या पाण्याची हालचाल ती टिपते. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, पाण्यात सुमारे 1500 मीटर. पावसाळ्यात बाणकोटच्या किंवा जयगडच्या खाडीला गढूळ लोंढा आला की वीतभरावरचेही दिसत नाही. अशा वेळी जिताड्याला डोळ्यांपेक्षा हेच जास्त कामाचे.

ही युक्ती काही आजची नाही. पापुआ न्यू गिनीतल्या न्यू आयर्लंड बेटावरचे कोळी नारळाच्या करवंट्या वेताच्या कड्यात ओवून पाण्यात खुळखुळवतात आणि त्या आवाजाने चक्क मुशी होडीजवळ बोलावतात. अमेरिकेत लुइझियानाच्या बिल लुईस यांनी 1960च्या दशकात पोटात छर्रे भरलेला ‘रॅट-एल-ट्रॅप’ काढला आणि पुढे तसल्या लुअरची रीघच लागली.

आता कृती. नळीसाठी सर्वांत उत्तम वस्तू म्हणजे घरात पडून असलेल्या जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल. ती एकात एक बसणाऱ्या धातूच्या नळ्यांची असते, त्यामुळे हव्या त्या जाडीची नळी मिळते. आतून 5 मिलिमीटरच्या आसपास पोकळ असलेली नळी निवडून हॅक्सॉने सुमारे अडीच सेंटीमीटरचा तुकडा कापावा आणि कडा कानसीने घासाव्यात. एरियल नसेल तर संपलेल्या बॉलपेनची नळी चालते. आवाज थोडा बोदा येतो, इतकेच. काचेच्या नळ्याही बाजारात मिळतात आणि त्यांचा आवाज सुरेख असतो, पण मुलांच्या हातात फुटणारी वस्तू आम्ही सुचवणार नाही.

आत घालायला सायकलच्या पेडलचे छर्रे, साधारण 4 मिलिमीटरचे. सायकलवाल्याकडे सुटे मिळतात. त्यांना तेल किंवा ग्रीस असते. ते साबणाने धुऊन, उन्हात कडक वाळवून मगच घालावेत, नाहीतर ते चिकटून बसतात. नळीत दोन, फार तर तीन. मुलांचा ओढा नळी गच्च भरण्याकडे असतो. छर्ऱ्यांना पळायला निम्मी नळी रिकामी हवी. आवाज त्या रिकाम्या जागेत होतो. दोन्ही तोंडांना काडीचा तुकडा ठोकून वरून एम-सील लावावे आणि एक दिवस वाळू द्यावे. मग नळी रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवून सकाळी कानाशी हलवून पाहावी. आवाज दबला असेल तर आत पाणी गेले. ती नळी बाद.

छर्रे बारीक घालावेत की जाड? रोहू-कटल्याच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते, त्यांना बारीक किणकिणही ऐकू येते. पण ते काही नकली माशामागे धावत नाहीत. जिताडा, तांबोशी, गोबरा यांना ही साखळी नाही. त्यांना जाड, ठोसर आवाज कळतो. म्हणून दहा मोहरीएवढ्या छर्ऱ्यांपेक्षा दोन मोठे बरे. नितळ, उथळ पाण्यात मात्र खुळखुळा न लावलेलाच बरा. तिथे मासा बिचकतो, असे आमचे मत आहे.

आता शिशाबद्दल. छर्रे नाहीत म्हणून जाळ्याची शिशाची वजने तोडून त्यांचे तुकडे नळीत घालण्याचा मोह होतो, कारण शिसे घरोघरी आहे. ते 327 अंशांवर वितळते, म्हणजे स्वयंपाकघरातल्या शेगडीवरसुद्धा, आणि कित्येक घरांत ते तिथेच वितळवले जाते. कृपा करून हे बंद करा. त्याची वाफ आणि पूड श्वासातून, हातांतून, त्याच शेगडीवरच्या भाकरीतून लेकरांच्या पोटात जाते आणि त्यांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. शिशाचे अमुक एक प्रमाण सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगत नाही. गळाचे मणी दातांनी दाबून तंगुसाला बसवायची सवय तर मोठ्यांनाही असते. इंग्लंडमध्ये राजहंस हे मणी गिळून मरू लागले, तेव्हा 1987 मध्ये गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर तिथे बंदी आली. आपल्या मुलांची काळजी राजहंसांहून कमी का असावी? दोन लोखंडी छर्ऱ्यांनी काम भागते.

लुअर लाकडी असेल, तर पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाला रंग देण्याआधीच पोटाच्या खालच्या बाजूला आडवे भोक पाडून नळी बसवावी आणि एम-सीलने बुजवावे. नळी पाठीकडे गेली तर लुअर पाण्यात उलटतो. बादलीत सोडून पाहिले की लगेच कळते. रबरी लुअरच्या पोटात नळी नुसती खुपसली तरी पुरते. पिसांच्या गरीला ती दोऱ्याने घट्ट आवळून वर आपांच्या नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत, अर्थात विचारून.

घरात रांगते मूल असेल तर उरलेले छर्रे मोजून डबीत बंद करावेत. खाडीवरून आल्यावर लुअर गोड्या पाण्याने धुवावा, गरीची टोके बुचात खुपसावीत आणि डबा फळीवर उंच ठेवावा.