कोरी वही आणि इतिहासाची तक्रार

जळगाव-धुळ्याकडच्या जुन्या घरात वडीलधारे माणूस गेले की तेराव्यानंतर माळ्यावरची ट्रंक खाली उतरते. जमाखर्चाच्या वह्या, पिवळी पडलेली पोस्टकार्डे, कापूस विक्रीच्या पट्ट्या आणि तळाशी एखादी अर्धवट सोडलेली रोजनिशी. मुले पुण्याला किंवा त्याहून दूर. रजा मोजक्या दिवसांची. रजा संपायच्या आत ट्रंक रिकामी होते आणि रद्दीवाल्याचा तराजू भरतो. आपला इतिहास परक्यांनी लिहिला, विकृत लिहिला, अशी ज्या समाजाची तक्रार आहे, त्याच समाजाने आपल्याच साधनांचे मोल किलोवर ठरवावे, याला काय म्हणावे?

तक्रार खोटी नाही. पण तक्रार म्हणजे उत्तर नव्हे. उत्तर स्वतः लिहिण्यात आहे. मात्र ‘स्वतःचे लिहा’ असे कोणी सुचवले की तीन प्रत्युत्तरे ठरलेली असतात. ‘कोण वाचणार?’, ‘ते काम लेखक-पत्रकारांचे’, आणि संघटनेत वाढलेल्यांचे खास असे तिसरे: ‘कार्यकर्त्याने प्रसिद्धिपराङ्मुख असावे.’ तिन्ही उत्तरे सभ्य आहेत आणि तिन्ही आळसावर घातलेली पांघरुणे आहेत.

‘कोण वाचणार’ हा प्रश्न अमळनेरला शोभत नाही. १९२४ साली तेथील शाळेत शिक्षक म्हणून आलेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. मुद्रणालय नाही, वर्गणीदार नाहीत. लिहिणारा एक आणि वाचणारी एका वसतिगृहाची मुले. त्यातूनच पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिक निघाले. गुरुजींच्या राजकीय विचारांशी ज्यांचे जमत नाही, त्यांनीही ही गोष्ट मान्य केली पाहिजे. वाचकांची संख्या मोजून त्यांनी लेखणी उचलली नव्हती. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा समोर श्रोते होते ते कैदी. गुरुजींनी ती उतरवून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ घरोघरी आहे. ‘कैद्यांपुढचे बोलणे कोण वाचणार’ असे त्यांनी म्हटले असते तर?

दुसरे उत्तर त्याहून घातक. लिहिणे हे लेखकांचे काम, असे मानणाऱ्यांनी जळगावजवळच्या आसोद्याकडे पाहावे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर सुचलेल्या त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरातल्या माणसांनी टिपून ठेवल्या. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्या कविता पुस्तकरूपाने आल्या. टिपणारा हात घरात नसता तर महाराष्ट्राला ही कवयित्री कळलीच नसती. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण अहिराणीत आणि लेवा बोलीत बोलणाऱ्या आज्या अजून घराघरांत आहेत आणि त्यांच्याजवळ वही घेऊन बसणारे कोणी नाही.

इतिहासाचार्य राजवाड्यांचे उदाहरण तर धुळ्याच्या दारातले. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत लिहिला. त्यातील उणिवांना राजवाड्यांनी कागदांनी उत्तर दिले. गावोगाव पायपीट करून जुनी दफ्तरे जमवली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड, एकूण २२ खंडांत प्रसिद्ध केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचा देह पडला. १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. या खंडांतील कागद लिहिले कोणी? बहुतांशी कारकून, वकील, मुत्सद्दी, सरदार यांनी, रोजच्या कामाच्या ओघात. आपण इतिहासाचे साधन निर्माण करीत आहोत, याची त्यांना कल्पनाही नसावी. त्यांनी ‘हे आमचे काम नव्हे’ म्हटले असते, तर राजवाड्यांच्या हाती काय लागले असते?

राहिले तिसरे उत्तर. प्रसिद्धिपराङ्मुखता हा गुण आहे, यात शंका नाही. परंतु प्रसिद्धी वेगळी आणि नोंद वेगळी. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभच लेखनक्रियेच्या निरूपणाने केला आहे. अक्षर कसे असावे, कागद कसा राखावा, इतका बारीक विचार त्यात आहे. ज्यांनी संसार सोडला, त्यांनी लेखणी सोडली नाही. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमवली आणि ती समर्थ वाग्देवता मंदिरात सुरक्षित राहिली, ती पिढ्यान्पिढ्या कोणीतरी नकलून ठेवली होती म्हणूनच.

जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण आले. ४ जुलैला संघावर बंदी आली. खान्देशातूनही कार्यकर्ते तुरुंगात गेले. मागे राहिलेल्या स्त्रियांनी घर कसे चालवले, कोणत्या शेजाऱ्याने दार लावून घेतले आणि कोणी रात्री धान्याचे पोते आणून टाकले, हे त्या काळच्या छापील पानांत सापडणार नाही. तेव्हा तिशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. विनयाच्या नावाखाली त्यांचे न लिहिणे हा त्या माउल्यांवर अन्याय ठरेल.

आज भ्रमणध्वनी प्रत्येकाच्या हातात आहे. पण तोच हात दिवसभर इतरांचे मजकूर पुढे ढकलण्यात गुंतलेला असतो. लिहिणारा अज्ञात, तारीख अज्ञात, खरे-खोटे ठाऊक नाही. अशा शंभर मजकुरांपेक्षा स्वतः पाहिलेल्या एका दुष्काळाची, एका शाखेची, केळीच्या एका हंगामाची दिनांकासह केलेली नोंद अधिक मोलाची. त्यात भाव लिहावेत, नावे लिहावीत, झालेल्या चुकाही लिहाव्यात. स्वतःची आरती तेवढी टाळावी.

त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, संपादकाची मर्जी लागत नाही. लागते ती एक वही आणि रात्रीच्या जेवणानंतरची पंधरा मिनिटे. येत्या वर्षप्रतिपदेला गुढीशेजारी नवे पंचांग ठेवले जाईलच. त्याच्या जोडीला एक कोरी वही ठेवावी आणि त्याच रात्री तिचे पहिले पान भरावे. नाहीतर नातवंडांनी आपला इतिहास दुसऱ्याच्या पुस्तकात वाचला, म्हणून रुसण्याचा अधिकार कोणालाही उरणार नाही.