दोन डोंगर, दोन तळी



गेल्या पंधरवड्यात भिवंडी तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या लिहितात, "भात झोडून झाले की आम्हाला चार दिवस मोकळे मिळतात. वर्षातून एकदाच घराबाहेर पडणे होते. सासूबाईंची इच्छा डोंगरावरचे तळे पाहण्याची आहे. मुले म्हणतात माथेरान, यजमान म्हणतात भंडारदरा. दोन्हीकडे जाण्याइतका पैसा नाही आणि सवडही नाही. तेव्हा कोणते तळे जास्त देखणे, ते तुमच्या सदरात लिहावे."

भातावरच्या करप्याबद्दल विचारले असते तर एका कार्डावर उत्तर धाडले असते. देखणेपणाला शिफारशीची मात्रा नसते. पण योगायोग असा की गेल्या वर्षी मीही माझ्या सासूबाईंना घेऊन ही दोन्ही तळी पाहून आलो. तेव्हा जे पाहिले तेच सांगतो.

आधी थोडे आमच्याविषयी. मी दिव्याला राहतो. आज दिवा म्हटले की लोकांना लोकलची गर्दी आठवते. पण दिवा, दातिवली, साबे, आगासन हा सगळा पट्टा एके काळी भाताचा होता. खाडीच्या अंगाला खारबंदिस्तीचे बांध, बांधाला उघाडी, आणि आत भाताची खाचरे. आमच्या सौ.चे माहेर इथलेच, आगरी घर. सासूबाईंचे वय आज ७८. त्यांची चाळीस-पंचेचाळीस वर्षे लावणीत आणि कापणीत गेली. पुढे भावकीत वाटण्या झाल्या, जमीन तुकड्यातुकड्याने गेली, आणि आता तिथे चाळी आहेत. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत. फक्त पावसाळा सुरू झाला की गॅलरीत बसून खाली तुंबलेल्या पाण्याकडे पाहत राहतात. म्हणून म्हटले, यांना जरा हिरवे दाखवून आणू.

दिव्याहून निघाले की कल्याणच्या पुढे रुळांचे दोन फाटे होतात. उजवीकडचा कर्जतला जातो, डावीकडचा कसाऱ्याला. तुमची दोन तळी या दोन फाट्यांवर आहेत. कर्जतच्या वाटेवर नेरळ लागते आणि त्याच्या डोक्यावर माथेरान. कसाऱ्याहून घाट चढून इगतपुरी, मग घोटी, आणि घोटीहून उजवीकडे वळून सुमारे ३५ किलोमीटर गेले की शेंडी गाव, म्हणजेच भंडारदरा. दोन्ही ठिकाणे समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास आहेत. उंची जवळजवळ सारखी, पण तळ्यांचा स्वभाव अगदी निराळा.

माथेरानला आम्ही नारळी पौर्णिमेनंतर गेलो. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी छोटी गाडी बंद असते. त्यामुळे नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत, आणि पुढे अमन लॉजहून गावापर्यंत छोट्या गाडीचा शेवटचा टप्पा, तो मात्र पावसातही चालतो. या डोंगरावर मोटारींना बंदी आहे. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून गेले आणि साहेबांना थंड हवेची जागा सापडली, असे पुस्तकात असते. डोंगराच्या पोटात राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना ती कधी हरवलीच नव्हती, हा भाग वेगळा. नेरळहून रूळ आले ते १९०७ साली, पीरभॉय घराण्याच्या पैशाने.

बाजारापासून शार्लोट तलाव अर्ध्या-पाऊण तासाच्या चालीवर आहे. वाट तांबड्या मातीची, दोन्ही बाजूंना जांभूळ, अंजनी, हिरडा यांची दाट झाडी. सासूबाईंनी वहाणा काढून हातात घेतल्या. त्या दिवशी धुके इतके होते की एकाही पॉइंटवरून काही दिसले नाही. पैसे फुकट गेले असे माझ्या मनात आलेच होते, तेवढ्यात झाडी संपली आणि धुके जरा वर सरकले. समोर तळे. फार मोठे नाही, एका नजरेत मावते. चहूबाजूंनी झाडे पाण्यावर वाकलेली, पाणी काळसर हिरवे, आणि पलीकडे बंधाऱ्यावरून जादा पाणी कड्याखाली झेपावत होते. माणसे होती, पण आवाज त्या झाडांनी गिळून टाकल्यासारखा वाटत होता. जवळच ग्रामदैवत पिसारनाथाचे देऊळ आहे. तिथे नारळ वाहून आम्ही काठावर बसलो.

सासूबाईंनी बराच वेळ पाण्याकडे पाहिले आणि विचारले, "इथं कपडे धुणारं कुणी कसं नाही?"

प्रश्न लाखमोलाचा होता. हे गावाचे पिण्याचे पाणी आहे, म्हणून त्यात कुणी उतरायचे नाही. उतरलेली तरुण मुले बुडाल्याच्या घटना इथे घडल्या आहेत, तेव्हा तुमच्या मुलांना आधीच बजावून ठेवा. आता डोंगराच्या माथ्यावर एवढा पाऊस पडत असताना पाण्यासाठी तळे का बांधावे लागले, ते शेतकऱ्याने समजून घेण्यासारखे आहे. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा आहे. जांभा म्हणजे भोकाभोकांचा दगड. पाऊस पडला की तो पितो, आणि खाली अभेद्य काळा पाषाण लागला की तेच पाणी कडेच्या झऱ्यांतून सोडून देतो. वर साठत काही नाही. उन्हाळ्यात झरे आटतात. म्हणून सखल जागा पाहून बंधारा घालावा लागला. तोही आता पुरत नाही. खालून उल्हास नदीचे पाणी पंपाने डोंगरावर चढवावे लागते. गंमत पाहा, डोंगराच्या पूर्व उतारावरचे पाणी वाहत जाऊन उल्हासला मिळते, आणि त्यातले थोडे माणूस पैसे मोजून पुन्हा वर नेतो. उरलेले बदलापूर, कल्याण करत आमच्या दिव्याच्या खाडीला येते.

हे तळे इतके देखणे राहिले, याचे कारण त्याला कुणी हात लावू दिला नाही. मोटारी नाहीत, भोवतालचे रान राखलेले. २००३ साली सरकारने हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. त्याचा त्रासही आहे, कारण सामान डोक्यावरून नाहीतर घोड्यावरून न्यावे लागते. माणसाने माणूस ओढायची हातरिक्षा इथे शंभर वर्षांहून अधिक चालली. ती सहा महिन्यांत बंद करा असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बजावले, ते योग्यच झाले.

भंडारदऱ्याला गेलो ते दसऱ्याच्या आठवडाभर आधी. इथे तळे एका नजरेत मावत नाही. वळण घेतले की नवा फाटा, पुन्हा वळले की पुन्हा पाणी. एका अंगाला रतनगडाचा सुळका, दुसऱ्या अंगाला कळसूबाईची रांग. १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उतारावर सोनकीची आणि खुरासणीची पिवळी फुले, त्याखाली भाताची हिरवी खाचरे, आणि खाचरांच्या थेट पायाशी पाणी. पिवळे, हिरवे, निळे असे तीन पदर एकाखाली एक. चित्रकाराने काढले असते तर म्हटले असते की जरा जास्तच रंगवले!

हे तळे निसर्गाचे नव्हे. प्रवरा नदीवर १९१० मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि १९२६ मध्ये संपले. ते विल्सन धरण, आणि त्याच्या मागचे पाणी म्हणजे आर्थर लेक. अकरा टीएमसी पाणी मावते. बहुतेक वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरते, आणि मग खाली रंधा धबधब्याचा आवाज ऐकावा. याच पाण्यावर संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर भागात ऊस उभा राहिला. १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभारला, तोही याच प्रवरेच्या पाण्याच्या जिवावर. आपल्या चहातली साखर इथून निघाली म्हणा ना!

ठाण्याशीही या मुलखाचे एक नाते आहे. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातले, देवगावचे. त्यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. म्हणजे मॅलेटसाहेब माथेरान चढले त्याच्या फक्त दोन वर्षे आधी.

रतनवाडीच्या वाटेवर सासूबाईंनी गाडी थांबवायला सांगितली. मला वाटले तळे पाहायचे असेल. तर त्या तळ्याकडे पाठ करून खाचराच्या बांधावर उतरल्या. एक लोंबी हातात घेतली, दाणा नखाने दाबला. पांढरे दूध आले. "अजून दुधात आहे. आता पाऊस गेला तर पळंज होईल," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मी २८-३० वर्षे शेतीखात्यात काढली, पण त्या क्षणी मला कुणी विचारत नव्हते.

तेवढ्यात खाचराची धनीण आली. कोण कुठले विचारून झाले. मग दोघी बांधावरच बसल्या. आमच्याकडे लावणी म्हणतात, त्यांच्याकडे आवणी. शब्द वेगळा, कंबर दोघींची तशीच दुखते. पाणी केवढे आहे तुमच्याकडे, असे सासूबाई म्हणाल्या. तेव्हा ती बाई हसली. म्हणाली, "दिसायला आहे मावशी. आमची चांगली खाचरं त्या पाण्याखाली आहेत, असं आजेसासरे सांगायचे. आम्ही वर सरकलो. आणि चैत्र-वैशाखात वरच्या वाडीला हंडा घेऊन लांब जावं लागतं."

सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमचीही खालीच आहेत."

यावर दोघी काही बोलल्या नाहीत, आणि मीही नाही.

तुम्ही सहलीला येणार म्हणजे हे सगळे पाहायलाच हवे असे नाही. पण एक गोष्ट सांगून ठेवतो. नोकरीच्या सुरुवातीला मी हेच तळे मे महिन्यात पाहिले होते. पाणी खूप खाली गेलेले, चहूबाजूंनी भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा. बरोबरचे म्हणाले, काय भकास दिसते! मला मात्र तसे वाटले नाही. जे पाणी गेले ते कुणाच्या उसाला, घासाला, गुरांना गेले. भरलेल्या कणगीपेक्षा अर्धी रिकामी कणगी कुरूप असते का? राग आला तो एवढ्याचाच, की गाळाच्या कडेने हंडे घेऊन चाललेल्या बायकांच्या वाट्याला त्यातले थोडेसेही राहत नव्हते. शार्लोट तलावाकडे पाहताना असा प्रश्न पडत नाही, कारण ज्यांचे तळे तेच त्याचे पाणी पितात. तिथे मन शांत होते. भंडारदऱ्याला डोळे निवतात, पण मनात काहीतरी टोचत राहते.

आता ताई, तुमच्या प्रश्नाचे सरळ उत्तर. नुसते देखणेपण आणि निवांतपणा हवा तर माथेरान. तासभर बसावे आणि उठू नये असे ते तळे आहे. पावसाळा संपला की नेरळची छोटी गाडी पुन्हा सुरू होते, मुलांना तीच सहल वाटेल. पण वर गेल्यावर चालावे लागते, आणि खाण्याराहण्याचा खर्चही जास्त. माकडे हातातली पिशवी पळवतात, तेव्हा शिदोरी सांभाळून.

सासूबाईंच्या दृष्टीने विचाराल तर माझे मत भंडारदऱ्याला. गाडी थेट पाण्याच्या काठापर्यंत जाते, दिवसभर बसल्या जागी काही ना काही पाहायला मिळते, आणि रतनवाडीचे अमृतेश्वराचे प्राचीन हेमाडपंती देऊळ घडते. भात झोडून झाल्यावर जाल तेव्हा खाचरे रिकामी असतील, पण पाणी पुष्कळ असेल. थंडी कडक असते, शाल आणि कानटोपी न्या. परतताना तिथल्या बायकांकडून चार शेर तांदूळ किंवा नाचणी विकत घ्या. बियाण्याची पद्मश्री मिळवणाऱ्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या आहेत, हे घरातल्या मुलींना सांगा. जून लागता लागता काजवे पाहायला तिथे झुंबड उडते. तेव्हा मात्र जाऊ नका. आपली पेरणीची गडबड असते, आणि गाड्यांच्या दिव्यांनी काजवेही बिचारे दिपून जातात.

त्या बांधावरच्या बाईने निघताना सासूबाईंच्या पदरात मूठभर बियाणे बांधले होते, तिथल्याच जुन्या जातीचे. यंदा जूनमध्ये त्यांनी एक प्लॅस्टिकचे पिंप अर्धे कापून घेतले, माती भरली आणि गॅलरीत पेरणी केली. मी खताचे सुचवले, तर हाताने थांब म्हणाल्या. गेल्या आठवड्यात ते निसवले. आता चिमण्या येतात, म्हणून सकाळपासून काठी घेऊन तिथेच बसलेल्या असतात.