घाटातलं झुकणं

राखीला आम्ही बालाघाटहून बैहरला ताईकडे जातो. गांगुलपाऱ्याजवळ घाट लागला की आईच्या हातात लिंबू येतं आणि मागून आवाज येतो, "किती झुकते रे तुझी गाडी!"

गाडी आठ वर्षांची, लहान हॅचबॅक. गेल्या वर्षी मनावर घेतलं आणि मागच्या चाकांसाठी जाड अँटी-रोल बार मागवला. गॅरेजवाले त्याला स्टॅबिलायझर म्हणतात. इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला पोलादी दांडा, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा. वळणावर गाडी एका बाजूला कलली की तो पिळला जातो आणि कलणं रोखतो. दोन्ही चाकं एकदम वर-खाली झाली तर तो नुसताच फिरतो, काही करत नाही. गंमत जाडीत आहे. 20 मिलिमीटरऐवजी 22 चा भरीव दांडा लावला तर जाडी वाढते 10 टक्के, पण ताठरपणा सुमारे 46 टक्के! एवढं वाचून मी खूश. पुढचं वाचलंच नाही.

बार बसवायला अर्धा दिवस लागला. घाट चढताना गाडी पाटासारखी सपाट. लिंबू पिशवीतच राहिलं. मी तर ताईच्या दारात कॉलर ताठ करून उतरलो.

संध्याकाळी उतरताना पाऊस होता. एका वळणावर समोरून उकव्याच्या मँगनीज खाणीकडचा ट्रक आला. मी जरा घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडीची मागची बाजू बाहेर सरकली. हातभरच असेल. ट्रक निघून गेला, गाडीही सावरली. मागच्या सीटवर आई आणि भाची होत्या. घरी येईपर्यंत कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक हलवलं, खटखट आवाज झाला. कंपनीने दिलेल्या पुढच्या बारचे लिंक रॉड आणि रबरी बुश पार झिजलेले! म्हणजे पुढचा बार नावालाच होता, गाडी झुकायची ती म्हणूनच. आणि मी मागची बाजू आणखी ताठ करून ठेवली. बार टायरची पकड वाढवत नाही, वळणावर आतल्या चाकाचं वजन बाहेरच्यावर ढकलतो. मागे जास्त ढकललं की ओल्या रस्त्यावर मागची पकड आधी सुटते. शिवाय एक चाक खड्ड्यात गेलं की धक्का दुसऱ्यालाही, आणि आपल्याकडच्या रस्त्यांचं काय सांगावं.

"पहिले जुनं तपासायचं ना, बाबू," काका एवढंच म्हणाले. बार बसवून देणाऱ्या दुकानाने ते पाहिलं नव्हतं, पण मीही कुठे विचारलं होतं?

ज्यांच्या डोक्यात असा बेत आहे त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ही बघावं. कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगते बदल चालत नाहीत, आणि अपघात झाला तर विमा कंपनी प्रश्न विचारू शकते.

मी मागचा बार काढला, लिंक आणि बुश बदलले, टायरमधली हवा नीट केली. खर्च बारच्या मानाने किरकोळ. गाडी थोडी झुकते अजून. यंदा घाटात मी चाळीसच्या वर गेलो नाही, आणि आई गांगुलपाऱ्यालाच झोपी गेली होती.