काळाची वही, परक्याचें कोठार

रात्रीं पानावर बसलेली घरांतील तरुण मंडळी 'क्लाउडवर डेटाबेस उभा केला, पण ॲक्सेस मिळत नाहीं' अशा भाषेंत बोलूं लागली म्हणजे वडील माणसें आमटीकडे पाहून स्वस्थ बसतात, हा अनुभव हल्लीं पुष्कळ घरांतून येतो. या विषयाचा कांहीं उलगडा या सदरांत करावा असें दोघांतिघां वाचकांनीं आम्हांस सुचविलें. विषय यंत्रविद्येचा, आणि आमची बैठक व्याकरणाची. तथापि या कामांत जे दोन प्रश्न खरोखर अडवितात ते यंत्राचे नसून कुटुंबाचे आहेत असें प्रत्ययास आल्यावरून लेखणी हातीं घेतली आहे. नोंद किती दिवस जपावयाची, हा एक. आणि किल्ली कोणाकडे असावी, हा दुसरा.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. डेटाबेस म्हणजे माहितीचें कोठार. त्यांतील 'टाइम-सीरीज' ही जात आपल्या परिचयाचीच आहे. जुन्या पेढीवर खतावणी व रोजकीर्द अशा दोन वह्या असत. खतावणींत माणसाचें खातें शोधावयाचें. रोजकीर्दींत मात्र जें घडलें तें घडलें त्या क्रमानें लिहावयाचें. मागील पान खोडावयाचें नाहीं, पुढें लिहीत जावयाचें. टाइम-सीरीज डेटाबेस म्हणजे अशी रोजकीर्द. तिच्या प्रत्येक ओळींत मोजलें काय, कोठें, किती, आणि नेमक्या कोणत्या क्षणीं, एवढेंच असतें. यांतील क्षण हा मुख्य. तो १ जानेवारी १९७० च्या ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून मोजतात, आणि तोही सेकंदाच्या अब्जांशापर्यंत!

आतां उदाहरण घेऊं. आमच्या कुळाची रत्नागिरी जिल्ह्यांत हापुसाची एक सामाईक बाग आहे. वांटेकरी चार घरें. एक बागेंतच, एक पुण्यास, एक ठाण्यास व एक न्यू जर्सी येथें. आमच्या पुतण्यानें त्या बागेंत उष्णता, दमटपणा, जमिनीची ओल व पाऊस मोजणारे बारा मापक बसविले. प्रत्येक मापक दर दहा मिनिटांनीं एक आंकडा देतो. म्हणजे दिवसाचे १४४, वर्षाचे ५२,५६०, आणि बारांचे मिळून ६,३०,७२०. एवढी रोजकीर्द कोणत्या कारकुनानें लिहावी?

हें कोठार स्वतःच्या संगणकावरही चालवितां येतें. परंतु कोंकणांतील वीज आणि पावसाळा ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगणें नको. म्हणून पुतण्यानें 'मॅनेज्ड', म्हणजे दुसऱ्यानें सांभाळलेलें कोठार भाड्यानें घेतलें. क्लाउड म्हणजे मेघ खरा. पण हा मेघ आकाशांत नसून गार केलेल्या मोठ्या इमारतींत, जमिनीवरच असतो. ॲमेझॉन कंपनीनें असें आपलें केंद्र मुंबईस २०१६ सालीं उघडलें, आणि मार्च २०२४ पासून 'टाइमस्ट्रीम' या नांवाखालीं ती इन्फ्लक्सडीबी हें प्रसिद्ध कोठार सांभाळून देऊं लागली. यंत्र विकत घेणें, त्याची डागडुजी, नवीन सुधारणा चढविणें, हवें असल्यास निराळ्या इमारतींत एक जोडकोठार सतत तयार ठेवणें, हीं कामें तिचीं. भाडें मात्र तासावर. आंत एक आंकडा टाका कीं लाख टाका. बारा मापकांसाठीं असें कोठार घेणें हें आमच्या मतें उधळेपणाचें आहे. वापराइतकेंच मोल घेणारीं स्वस्त कोठारेंही मिळतात. पण पुतण्यास ही विद्या शिकावयाची होती, आणि विद्येचा खर्च आम्ही उधळपट्टींत धरीत नाहीं.

कोठार उभें करतांना एक छापील अर्जच जणुं समोर येतो. मालकाचें नांव, गुप्त शब्द, संस्थेचें नांव, पहिल्या बादलीचें नांव. होय, बादलीच! आंकडे ज्यांत भरावयाचे त्या कप्प्यास तिकडे 'बकेट' म्हणतात. यंत्र लहान कीं मोठें, जोडकोठार हवें कीं नको, हे प्रश्न त्यापुढें. हें सर्व अर्ध्या तासांत होतें. मात्र प्रत्येक बादलीस एक मुदत असते, तिकडे लक्ष द्यावें. 'नोंदी कधीं पुसाव्या?' या प्रश्नास 'कधींच नाहीं' असें उत्तर देतां येतें, किंवा तीस दिवस, एक वर्ष असेंही. मुदत दिली कीं जुन्या नोंदी आपोआप जातात. कोणी विचारीत नाहीं, कोणी कळवीत नाहीं.

याचा चटका आमच्या मंडळींस आधींच बसला होता. पहिल्या वर्षीं मापक बसविणाऱ्या एका कंपनीनें आपल्या फुकट कोठारांत नोंदी ठेविल्या, आणि त्यांची मुदत तीस दिवसांची होती. मोहोर धरण्याच्या दिवसांतील थंडीचा हिशेब मे महिन्यांत पाहूं गेले तों वही कोरी! मोहोर का गळला याचें उत्तर त्या आंकड्यांत असूं शकलें असतें. विम्याच्या भरपाईस अशा खाजगी नोंदींचा उपयोग नसतो, कारण हवामानावर आधारलेला फळपीक विमा नेमून दिलेल्या हवामान केंद्रांच्याच नोंदी मानतो. पण बाग आपली आहे. तिचें दुखणें आपणांस कळावयास नको काय?

जागा वांचविण्यासाठीं मुदत आंखूड ठेवावी, हें म्हणणेंही टिकत नाहीं. एक नोंद साधी लिहिली तर १६ बाइट लागतात. फेसबुकच्या शास्त्रज्ञांनीं २०१५ सालीं 'गोरिला' नांवाची रीत प्रसिद्ध केली, तींत त्यांच्या नोंदींस सरासरीनें १.३७ बाइट पुरले. यांतील युक्ति ऐकून आम्हांस परमानंद झाला. वेळ पूर्ण लिहावयाची नाहीं. मागील वेळेपासूनचें अंतर पाहावयाचें, आणि त्या अंतरांतील अंतर तेवढें लिहावयाचें. मापक दर दहा मिनिटांनीं बोलत असेल तर हें दुसरें अंतर शून्य, आणि शून्यास जागा ती किती लागणार? आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास ज्यांची सारणी दिली ती याच काटकसरीनें. पूर्ण ज्या न देतां त्यानें २२५, २२४, २२२, २१९ अशीं त्यांचीं अंतरेंच दिलीं. त्यांचींही अंतरें काढावीं, तों १, २, ३! इन्फ्लक्सडीबीही दशांश आंकड्यांसाठीं गोरिलाच्याच वळणाची रीत वापरतें. त्या १.३७ च्या मानानें आमच्या बागेची वर्षाची रोजकीर्द नऊ लक्ष बाइटांच्या आंत येते. मोबाइलवर काढलेलें नातवाचें एक छायाचित्र पुष्कळदां याहून जड असतें. मूळ नोंदी टाकून तासाची किंवा दिवसाची सरासरी ठेवावी असें सुचविणारे जाणते आहेत. मोठ्या कारखान्यांस तें ठीक. पहाटेच्या अर्ध्या तासाची कडक थंडी मात्र दिवसाच्या सरासरींत बुडून जाते, आणि आंब्यास सरासरी कळत नाहीं.

जपलेली नोंद कोणत्या कामीं येईल हें जपणाऱ्यास ठाऊक नसतें. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत असत. १ सप्टेंबर १८५९ रोजीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन या ज्योतिर्विदानें सूर्यावर अकस्मात् तेज उसळलेलें पाहिलें. त्यानंतर पृथ्वीवर जें चुंबकीय वादळ झालें त्यानें युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें बिघडविलीं. कुलाब्याच्या नोंद करणाऱ्यांनीं त्या दिवशींही आपले आंकडे वहींत उतरविले. त्या वहीवरून २००३ सालीं शास्त्रज्ञांनीं, ज्यांत भारतीय भूचुंबकत्व संस्थेंतील मंडळीही होतीं, त्या वादळाचें मान काढलें. क्षितिजसमांतर चुंबकबळ सुमारें १६०० नॅनोटेस्ला उतरलें होतें. म्हणजे १४४ वर्षांनीं ती वही उपयोगी पडली. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार असें ठरल्यावर हें काम १९०४ सालीं अलिबागेस हलविलें, तेव्हां १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकदमच नोंदी घेतल्या, कीं जुन्या मालिकेस नवी जोडतां यावी. तीस दिवसांची मुदत घालणाऱ्यांनीं ही गोष्ट जरूर वाचावी.

आतां दाराकडे वळूं. कोठार खाजगी आवारांत असतें. त्यास बाहेरच्या जगांतून दिसेल असें ठेवावें कीं आवारांतूनच पोंचतां यावें असें, हें उभारतांनाच विचारतात. पुतण्यानें तें बाहेरून दिसेल असें ठेविलें, तरी पहिल्या दिवशीं त्यास स्वतःलाच आंत जातां येईना. कारण देवडीवर आणखी एक पहारेकरी असतो, त्यास 'सिक्युरिटी ग्रुप' म्हणतात. अमुक पत्त्यावरून येणाऱ्यास ८०८६ या क्रमांकाच्या दारानें सोड, अशी यादी त्याजपाशीं द्यावी लागते. यादींत नांव नसलेल्यास तो 'नाहीं' असेंही म्हणत नाहीं. नुसता गप्प राहतो. मग दार ठोठावणारा समजतो कीं कोठारच बंद पडलें. चिडून कित्येकजण सर्व शून्यांचा पत्ता यादींत घालतात, म्हणजे अखिल जगास मोकळीक. हें करूं नये. घरच्या इंटरनेटचा पत्ता पुष्कळदां बदलतो, तेव्हां यादी सुधारीत राहण्याचा कंटाळा येतो हें खरें; पण वाड्याचा दिंडीदरवाजा उघडा टाकून निजण्यापेक्षां कंटाळा बरा.

देवडी ओलांडल्यावरही किल्ली लागते. तिला 'टोकन' म्हणतात, आणि ती अनेक परींची करतां येते. एक किल्ली सर्वाधिकाराची. ती कोणासही द्यावयाची नाहीं. बागेंतील पेटीस केवळ लिहिण्याची, तीही एकाच बादलीपुरती; म्हणजे पेटी चोरीस गेली तरी चोरास जुने आंकडे वाचतां येणार नाहींत. घरच्या मंडळींस केवळ वाचण्याची. पुतण्यानें पुणें, ठाणें व न्यू जर्सी येथें वाचावयाच्या किल्ल्या पाठविल्या. बागेंत बारा महिने राहणाऱ्या आमच्या थोरल्या वहिनींस मात्र कोणी विचारलें नाहीं. वय चौऱ्याहत्तर, त्यांस काय करावयाचे आंकडे, असाच सर्वांचा समज असावा. आम्हांस हें रुचलें नाहीं व आम्हीं तसें बोललों. तेव्हां त्यांच्या मोबाइलवर सोय झाली.

वहिनी १९८८ पासून अंगणांतील पर्जन्यमापक रोज सकाळीं साडेआठ वाजतां वाचून वहींत लिहितात. हवामानखात्याचा पावसाचा दिवसही साडेआठासच पुरा होतो. आठ दिवसांत त्यांनीं पुतण्यास फोन केला.

"बाळा, तुझें यंत्र पाऊस नीट मोजतें, पण दिवस चुकतें."

"काकू, यंत्राचा आंकडा चुकत नाहीं. तुमचें पाणी ओततांना सांडत असेल."

"महिन्याची बेरीज जुळते आहे. मग सांडलेलें परत कोण आणून ओततो?"

पुतण्या निरुत्तर झाला आणि शोधास लागला. कोठाराचा दिवस, निराळें न सांगितल्यास, ग्रीनिचच्या मध्यरात्रीं सुरू होतो. तेव्हां आपल्याकडे पहाटेचे साडेपांच असतात. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून, त्यास हें बरेंच जवळ आहे, ही एक मौजच! परंतु साडेपांच ते साडेआठ या तीन तासांत पडलेला पाऊस यंत्र एका दिवसांत घाली, आणि वहिनींची वही दुसऱ्या. आषाढांतील पहाटेच्या सरी लहान नसतात. दिवसाची सुरुवात तीन तास पुढें ढकलण्याची सोय कोठाराच्या भाषेंत होतीच. ती केल्यावर वही व यंत्र यांत दोनतीन मिलिमीटरांहून अधिक फरक राहिला नाहीं.

पुतण्या येत्या जूनमध्यें जर्मनीस नोकरीवर जात आहे. सर्वाधिकाराचा गुप्त शब्द एकट्या त्याच्या ध्यानांत राहूं नये, म्हणून तो बंद लिफाफ्यांत घालून वहिनींच्या कपाटांत ठेविला आहे. त्यावर चौघांच्या सह्या आहेत. सर्व नोंदींची एक साधी प्रत दर दिवाळींत उतरवून चारही घरीं ठेवावयाचें ठरलें. परक्याचें कोठार किती वर्षें आपल्या सोयीचें राहील हें आपल्या हातीं नाहीं. याच टाइमस्ट्रीमचा 'लाइव्हॲनालिटिक्स' नांवाचा आधींचा प्रकार २० जून २०२५ पासून नव्या गिऱ्हाइकांस मिळेनासा झाला.

वहिनींच्या वहींतील पाऊस त्या कोठारांत भरण्याचें काम त्यांच्या नातीनें अंगावर घेतलें आहे. जुनी तारीख घालून लिहिलेली नोंदही कोठार स्वीकारतें. मात्र बादलीची मुदत 'कधींच नाहीं' अशी असावी लागते, नाहीं तर मुदतीपलीकडची नोंद तें आंत घेत नाहीं. रोज शाळेंतून आल्यावर ती एक महिना उतरवते. काल १९९४ चा जुलै झाला.